झऱ्याचा ठिपका

कळशी भरायला त्या सकाळी अठ्ठावन्न आकडे लागले.

म्हातारा रोज मोजायचा. झऱ्याच्या तोंडाशी पत्र्याची पन्हळ बसवलेली होती. तिच्याखाली तो कळशी ठेवायचा आणि पहिली धार तळाला वाजली की सुरू करायचा. एक, दोन, तीन. ना घाई, ना रेंगाळणं. चढावर ओझं घेऊन चालणाऱ्या माणसाचं पाऊल पडतं तो ठेका. पन्नास ते साठ म्हणजे झरा खुशीत. सत्तर म्हणजे उन्हाने त्याला गाठलं. ऐंशीच्या वर आकडा त्याच्या हयातीत एकदाच गेला होता, आणि त्या वर्षाचा विषय निघाला की तो अजूनही बोलणं दुसरीकडे वळवायचा.

"अठ्ठावन्न!" त्याने वरून हाक दिली.

"ऐकलं, मामंजी!"

सून खाली पिशव्या भरत होती. उतारावर पायऱ्यांसारखे तीन वाफे, वर हिरवी जाळी, आणि जाळीखाली मांडीला मांडी लावून बसलेल्या हजारभर काळ्या पिशव्या. पुढे टोमॅटो, मिरची, वांगी. मागच्या ओळीत लिंबू आणि पेरू. माती चाळायची, कुजलेलं शेणखत मिसळायचं, पिशवी भरून दोनदा जमिनीवर आपटायची, बोटाने भोक पाडून बी सोडायचं. तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख त्या भोकापायी कायमचं काळं झालं होतं. आजूबाजूच्या चार वस्त्यांची शेतं या रोपांवर उभी राहायची. भर उन्हाळ्यात कुणाच्याच दारी ओलं काही नसायचं तेव्हा या घरी रोपं तयार असायची, ती झऱ्याच्या जिवावर. नवरा लांब रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचा, दोन महिन्यांतून एकदा यायचा. घर चालवणारे चौघे: म्हातारा, सून, दीड वर्षाची छकुली आणि झरा.

सरकारचं नकाशाचं काम निघालं ते त्याच सुमारास. डोंगर, वाटा, विहिरी, झरे, सगळं एका संकेतस्थळावर चढवायचं होतं आणि प्रत्येक वस्तीतून शिकलेलं एक माणूस हवं होतं. या वस्तीत शाळा पूर्ण केलेली बाई एकच, ही सून. नावही तिचंच गेलं.

शिकवणीचा दिवस तिला पुढे फार वेळा आठवणार होता. मोठ्या गावच्या कचेरीचं सभागृह, पंखे फिरतायत, खुर्च्या कमी आणि बाया जास्त. नकाशाच्या मॅडम पोरसवदा होत्या, पण बोलणं पक्कं.

"नकाशावरच्या प्रत्येक ठिपक्याला तीन कप्पे आहेत," त्या म्हणाल्या. "सर्वांसाठी खुलं. परवानगीने. फक्त कार्यालयासाठी. शाळा, दवाखाना, बसथांबा खुलं टाका. झरे, जुन्या विहिरी, घरामागच्या वाटा, या 'परवानगीने'मध्ये. म्हणजे ज्याला बघायचंय तो अर्ज करेल, कारण सांगेल, मग त्याला दिसेल. आणि एक लक्षात ठेवा. बंद ठेवलेलं उद्या खुलं करता येतं. खुलं केलेलं परत मागे घेता येत नाही. ज्याने उतरवून घेतलं, त्याने घेतलं."

छकुली तेवढ्या वेळात माहितीपत्रकाचा कोपरा चघळत होती. आईने तो तिच्या तोंडातून काढला, ओला कागद मांडीवर सरळ केला, आणि मॅडमचं वाक्य तळहातावर पेनाने लिहून घेतलं. म्हणजे ऐकलं नाही असं नव्हतं. ऐकलं होतं, लिहिलंही होतं.

मग दहा दिवस ती डोंगर हिंडली. पाठीला पोर बांधलेली, हातात फोन. ठिपक्यावर उभं राहायचं, फोन आकाशाकडे धरायचा, वरचे उपग्रह सापडेपर्यंत हलायचं नाही. छकुलीला वाटायचं, आई आकाशाचा फोटो काढतेय. तीही मान वर करून दात दाखवायची. पलीकडच्या घरातली काकू, जिला सगळी वस्ती मागून भोंगाकाकू म्हणायची, कुंपणापाशी येऊन ओरडायची, "अगं, आमच्या म्हशीचाही ठिपका टाक! हरवली की सरकारला विचारीन, कुठाय म्हणून."

"टाकते काकू, पण म्हैस एका जागी उभी राहील का?"

"माझ्या नवऱ्यापेक्षा बरी राहते."

शेवटचा ठिपका झऱ्याचा होता. तो तिने मुद्दाम मागे ठेवला होता, ताटातली आवडती गोष्ट मागे ठेवावी तसा. म्हातारा पन्हळीखालची वाळू बोटांनी उपसत होता. रोजचंच काम, त्याच्या मते झऱ्याचं तोंड धुतलं नाही तर झरा रुसतो.

"मामंजी, हा विचारतोय, झरा कुणाकुणाला दाखवायचा."

"कोण विचारतोय?"

"फोन."

"मग त्याला म्हणावं, तहान लागलीय का? लागली असेल तर ये, पी."

ती हसली. मग तीन कप्पे काय ते तिने त्याला नीट सांगितलं. मॅडम काय म्हणाल्या तेही सांगितलं. तो ऐकत होता, हात पाण्यातच.

"परवानगीने म्हणजे, दारात तहानलेला माणूस उभा, आणि आपण त्याला विचारायचं, कशाला हवंय रे पाणी?"

"तसंच काही नाही..."

"तसंच झालं की." त्याने हात झटकले. "ही पन्हळ माझ्या बापाने बसवली, पोरी. कडी नाही बसवली. या पाण्यावर आलेल्याला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. मी तर नाहीच. तू म्हणणार असशील तर बघ."

ती बघत राहिली, हातातल्या फोनकडे. तिच्या माहेरी पाणी रांगेत मिळायचं. रांगेत तिची वेणी ओढली गेली होती, घागर लाथाडली गेली होती, 'तुझा नंबर नाही' हे शब्द तिने अक्षरं यायच्या आधी ऐकले होते. लग्न होऊन या घरी आली तेव्हा पहिल्या दिवशी ती पन्हळीखाली कितीतरी वेळ नुसते हात धरून बसली होती, आणि कुणी तिला ऊठ म्हणालं नव्हतं.

तळहातावरची शाई केव्हाच पुसली होती. तिने 'सर्वांसाठी खुलं'वर काळं नख टेकवलं.

खाली चार ओळी लिहायला जागा होती. बाकीच्या ठिपक्यांना तिने 'विहीर, कोरडी' किंवा 'पायवाट, अरुंद' एवढंच लिहिलं होतं. इथे मात्र तिचा हात सैल सुटला. 'पाणी गोड, बारमाही. भर उन्हाळ्यातही कळशी सत्तर आकड्यांत भरते. येणाऱ्याला कुणी अडवत नाही.' वाचून दाखवलं तेव्हा म्हाताऱ्याने मान डोलावली. निळा ठिपका बघायला त्याने डोळे बारीक केले.

"एवढासाच?"

"मोठा करता येतो," ती म्हणाली, आणि दोन बोटांनी डोंगर फाकवून दाखवला.

टँकरवाला आला तो तीन आठवड्यांनी. पांढरी गाडी खाली उभी करून चढ चढत आला, घामाघूम. माणूस बोलायला गोड. तिने तांब्याभर पाणी दिलं. तो अर्धं प्यायला, थांबला, उरलेलं सावकाश प्यायला.

"लिहिलंय तसंच आहे," तो म्हणाला.

"कुठे लिहिलंय?"

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर तिचा डोंगर होता, तिचा निळा ठिपका होता आणि खाली तिच्याच चार ओळी. "बाकी सगळीकडे नुसते आकडे असतात. इथे कुणीतरी मन लावून लिहिलंय."

तिचे कान तापले, आनंदाने. तिने आणखी एक तांब्या भरून आणला.

त्याने वरच्या माळाची चौकशी केली. कुणाचा, किती दिवस पडून आहे, गाडी जाईल का. तिने माहीत होतं ते सगळं सांगितलं. वाट कुठून सोपी पडेल तेही बोट करून दाखवलं.

महिन्याभरात माळावर यंत्र चढलं. दिवसभर डोंगराच्या पोटात कुणी खिळा ठोकतंय असा आवाज. पांढरी भुकटी वाऱ्याने खाली यायची आणि रोपांच्या पानांवर बसायची. सून फडक्याने एकेक पान पुसायची. छकुलीला दुपारची झोप लागेना. म्हातारा म्हणाला, "कुणी घर बांधत असेल. बांधू दे, डोंगर काय आपल्या एकट्याचा आहे?"

घर नव्हतं. माळ टँकरवाल्याने घेतला होता, त्यावर तीन बोअर होत्या, आणि मग गाड्या लागल्या, पोट मोठं असलेल्या, वर 'पिण्याचं पाणी' लिहिलेल्या. भरून उतरायच्या तेव्हा मागे ओलसर रेघ राहायची. चिमण्या त्या रेघेवर उतरायच्या.

"एकाहत्तर," एका सकाळी म्हातारा म्हणाला. हाक मारून नाही, खाली येऊन, हळू.

"उन्हं लागली असतील."

"उन्हं लागायला अजून अवकाश आहे."

पुढच्या आठवड्यात शहाण्णव. त्याने झऱ्याच्या तोंडातली सगळी वाळू उपसली, पन्हळ काढून घासली, परत बसवली. एकशेचाळीस झाले त्या दिवशी तो लोखंडी कांब घेऊन खडकाच्या फटीत शिरला आणि संध्याकाळी बाहेर आला तेव्हा दोन नखं नव्हती. सुनेने हळद लावून चिंधी बांधली.

"माझ्याकडून कुठेतरी हयगय झाली," तो म्हणाला. "हाताला पूर्वीसारखं कळत नाही. झऱ्याला कळतं ते."

तिने वर माळाकडे पाहिलं. चिंधीची गाठ जरा जास्तच घट्ट बसली.

रोपांना पाणी पुरेना. आधी तिने झारी सोडून वाटी घेतली, मग वाटी सोडून चमचा. छकुली मागे मागे फिरायची आणि ओल्या पिशवीला जीभ लावायची. एक दिवस बसून ठरवावं लागलं, कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही. टोमॅटो नाजूक, ते आधी जाणार हे ठरलेलंच होतं. पण ठरवून पाणी तोडणं वेगळं. ती त्या ओळीपुढून जाताना मान खाली घालायची, उधार न देता परत पाठवलेल्या शेजारणीपुढून जावं तशी. चौथ्या दिवशी सगळी ओळ मान टाकून पडली. मिरची आठवडाभर तगली. मागच्या ओळीतले लिंबू तेवढे हट्टी, पानं वळवून बसलेले.

वस्तीचंही पाणी तेच होतं. भर उन्हात कळशांची रांग लागली. जिथे कुणी कधी रांगेत उभं राहिलं नव्हतं तिथे आता 'माझा नंबर' सुरू झालं. माहेरचा तो आवाज सुनेने इतक्या वर्षांनी ऐकला आणि तिची वेणी आपोआप दुखली.

भोंगाकाकूच बोलली. बोलणारच होती.

"आमच्या भाच्याने फोनवर काढून दाखवलं मला. सगळ्या डोंगरात झरे अकरा, उघडा एकच. बाकीच्या वस्त्यांनी कुलूप लावलं, आणि आमच्या नकाशावालीने आमंत्रणपत्रिका छापली! पाणी गोड म्हणे. या म्हणे. कुणी अडवत नाही म्हणे."

रांगेत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सुनेच्या कडेवर पोर होती. तिने पोरीचे केस सारखे केले, पुन्हा सारखे केले.

"तिला बोलू नकोस," मागून म्हातारा म्हणाला. तो खडकाला टेकून बसला होता, चिंधी बांधलेला हात मांडीवर. "तिने विचारलं होतं. मीच म्हटलं, उघडं ठेव."

"तुम्ही कशाला तिचं पाप अंगावर घेता, दादा?"

"घेत नाही. माझंच आहे."

एवढंच. मग तो कुणाशी फारसं बोललाच नाही. सकाळी कळशी लावायची, आकडे मोजायचे, आकडा कुणाला सांगायचा नाही.

रात्री नवऱ्याचा फोन आला तेव्हा तो चिडला. "मॅडमने सांगितलं होतं ना? मग म्हाताऱ्याला विचारायची काय गरज होती?" त्याच्या मागे कुठलं तरी यंत्र घरघरत होतं. ती म्हणाली, "पाणी त्यांचं होतं." मग तो म्हणाला, "छकुलीला जप."

दुसऱ्या दिवशी ती पोरीला घेऊन कचेरीत गेली. सभागृहाला कुलूप होतं. मॅडम वरच्या मजल्यावर, कागदांच्या गठ्ठ्यांमागे. त्यांनी तिला ओळखलं. आधी पोरीला ओळखलं, मग तिला.

"कागद खाणारी! काय गं, आज काय खायचंय?"

सुनेने उभ्यानेच सगळं सांगितलं. मॅडमनी संगणकावर ठिपका काढला. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"चौदा जणांनी उतरवून घेतलाय," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं होतं ना हो?"

"सांगितलं होतंत."

"मग?"

या 'मग'चं उत्तर या खोलीत सांगण्यासारखं नव्हतं. पन्हळ कुणी बसवली, कडी का बसवली नाही, हे कुठल्या कप्प्यात लिहिणार?

मॅडमनी एक कळ दाबली. निळा ठिपका करडा झाला, त्यावर बारीक कुलूप आलं. एवढंच काम. सुनेची पापणी लवली तेवढ्यात झालं.

"आता सुरक्षित आहे. अर्ज केल्याशिवाय कुणाला दिसणार नाही. राखणदार म्हणून तुमचा नंबर टाकते, म्हणजे अर्ज तुमच्याच फोनवर येईल. तुम्ही हो म्हटलंत तरच उघडेल."

"आणि पाणी?"

मॅडमनी खिडकीतून मागे बोट दाखवलं. "पाणी माझ्याकडे येत नाही हो. माझ्याकडे फक्त नकाशा. पाण्याचं खातं मागच्या इमारतीत. पण बोअर त्याच्या जमिनीत असेल तर..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं, आणि आपली बाटली उघडून छकुलीच्या तोंडाला लावली. पोर घटाघट प्यायली. अर्धी बाटली संपली तरी मॅडमनी ती काढून घेतली नाही.

मागच्या इमारतीत तिला अर्ज लिहायला सांगितलं. तिने लिहिला. शिक्का मारून एक प्रत परत दिली. ती घडी करून तिने पदराच्या गाठीत बांधली आणि चढ चढून घरी आली. आली तेव्हा पन्हळीखाली कळशी होती आणि म्हातारा मोजत होता. धार नव्हती. पन्हळीच्या टोकाला थेंब जमायचा, लोंबायचा, विचार करायचा, पडायचा.

नऊ दिवसांनी थेंबही थांबला.

म्हातारा तरी जायचाच. सकाळी आणि उन्हं कलली की. कळशी लावायची, टेकायचं आणि सुरू. त्या दिवशी सून लिंबाच्या उरलेल्या पिशव्या सावलीला ओढत होती. मोठ्या गावावरून घागरीने आणलेल्या पाण्यातलं, भांडी विसळलेलं पाणी ती त्यांना घालत होती. छकुली आजोबांच्या मांडीशी बसून त्यांच्या आकड्यांत आपले आकडे मिसळत होती. तिला तीनच येत होते, तेही उलटसुलट.

"सहाशे एक्केचाळीस."

"दोन!" छकुली म्हणाली.

"सहाशे बेचाळीस."

सुनेच्या कमरेला खोचलेला फोन थरथरला. तिला आधी वाटलं नवरा. काळ्या नखाने तिने फोन उघडला. संकेतस्थळाचा निरोप होता, पहिलाच.

'आपल्या राखणीतील ठिपक्यासाठी एक अर्ज आला आहे. अर्जदार: पशुपालक, फिरते. माणसं सहा, लेकरं दोन, जनावरं सत्तर. कारण: वाटेवर पाणी हवे आहे.' अर्जदाराचं नाव झाकलेलं होतं, नंबरही झाकलेला. सुरक्षेसाठी. खाली दोनच बटणं: होकार आणि नकार.

होकार दिला तर ती माणसं दिवसभराचा चढ चढून इथे येतील. लेकरांना पुढे धरून या कोरड्या पन्हळीपुढे उभी राहतील. त्यांना हाक मारून सांगावं, येऊ नका, पाणी गेलं, दुसरीकडे बघा, तर हाक मारायला नंबर नव्हता. तिने स्क्रीन वर सरकवली, खाली सरकवली. कुठेच काही नव्हतं.

तिने नकारावर बोट टेकवलं. फोनने कारण विचारलं आणि यादी दिली. 'कारण अपुरे.' 'अर्जदार अनोळखी.' 'जागा खाजगी.' 'सुरक्षेच्या दृष्टीने.' यादी संपली. झरा आटला, हे कारण यादीत नव्हतं. तिने बराच वेळ शोधलं. मग 'अर्जदार अनोळखी' दाबलं, कारण तेवढंच एक खरं होतं.

पाणी होतं तोवर तिने कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

"कोण होतं गं?" म्हाताऱ्याने विचारलं. किती दिवसांनी तो आपणहून बोलला होता. मान वळवली नव्हती, नजर पन्हळीच्या टोकावर.

"वाटसरू होते, मामंजी. जनावरं घेऊन निघालेत."

"लेकरंबाळं?"

"दोन आहेत."

"मग पाजलंस ना पाणी?"

तिने फोन कमरेला खोचला. वाकून लिंबाची पिशवी उचलली, दोन्ही हातांनी, पोटाशी धरून.

"पाजलं," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने मान डोलावली. चुकलेला आकडा आठवायला थोडा थांबला.

"दोन," छकुलीने सांगितलं.

"हो गं बाई, दोन," तो म्हणाला, आणि तिथून पुन्हा मोजायला लागला.